राशीवरचा वाटा आणि ऐतखाऊ

पैसा नाही आणि उच्चनीचही नाही, असा समाज उभा राहिलाच तर त्यात काम कोण करील? हा प्रश्न तत्त्वज्ञांनी ग्रंथांतून विचारला, तसाच तो साध्या माणसानेही चावडीवर बसून विचारला आहे. सर्वांच्या ताटात सारखेच वाढले जाणार असेल, तर पहाटे उठून मोट कोण जुंपील? आणि दिवसभर झाडाखाली पडून राहिलेल्याला पंगतीतून उठवील कोण? आपल्या भाषेने या माणसाला नावे तरी किती दिली आहेत! ऐतखाऊ, आयतोबा, फुकट्या, आणि वर 'आयत्या बिळावर नागोबा' ही म्हण. ज्या दोषाला भाषेत इतकी नावे असतात, त्या दोषाची झळ ती भाषा बोलणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसलेली असते.

हा प्रश्न आम्ही येथे इतिहासाला विचारणार आहोत. पैशावाचून चालणारे आणि समतेचा ध्यास घेतलेले समाज माणसाने खरोखरच उभारून पाहिले आहेत. त्यांतले काही आपल्या मराठी मुलखात झाले, काही ख्रिस्तसभेच्या कुशीत. त्यांनी ऐतखाऊपणाला आळा कसा घातला आणि ते कोठे चुकले, हे पाहिले म्हणजे आज सहजपणे कुणाला 'फुकटखाऊ' म्हणताना आपली जीभ थोडी अडखळेल, असे आम्हांला वाटते.

हिंगोलीच्या खळ्यावर

आरंभ आपण हिंगोलीपासून करू. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. कयाधू आणि पूर्णा या नद्यांच्या आसपासची काळी जमीन, तीत ज्वारी, कापूस आणि तूर. अलीकडे सोयाबीन आणि वसमतची हळद. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. आज तो १९७७ साली स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतो.

मराठी मुलखातल्या इतर गावांप्रमाणे येथल्या गावांचाही जुना व्यवहार बव्हंशी नाण्याविना चाले. सुताराने वर्षभर नांगर-वखर दुरुस्त करायचे, लोहाराने फाळ शेवटायचा, कुंभाराने मडकी पुरवायची, न्हाव्याने हजामत करायची. आणि सुगीत खळ्यावर मळणी होऊन रास पडली, की प्रत्येकाने आपापले बलुते घेऊन जायचे. प्रत्येक कामाला वेगळे दाम नव्हते. वर्षाचे काम आणि वर्षाचा वाटा, एवढाच हिशेब.

याच्या जोडीला शेतकऱ्यांची आपापसातली सावड होती. आज माझ्या रानात तुझे बैल, उद्या तुझ्या रानात माझे. माणसाच्या दिवसाला माणसाचा दिवस, बैलजोडीला बैलजोडी. कोठे इर्जिकीची चाल होती. दहावीस औते एकाच शेतात एकाच दिवशी उतरत आणि ज्याचे शेत त्याने त्या दिवशी सर्वांना जेवू घालावे. येथे पैसा नव्हता, आणि सावडीपुरते बोलायचे तर धनी आणि चाकर असा भेदही नव्हता. जो आज राबवून घेई तोच उद्या राबे.

या व्यवहारात ऐतखाऊला आळा कसा बसे? त्याला शिपाई लागत नसे, की दंडाची पावती लागत नसे. काम उघड्या रानात, सर्वांच्या डोळ्यांदेखत चाले. कोणाचे औत दुपारीच सुटले, कोण पाणी प्यायला गेला तो परत आलाच नाही, हे सगळ्यांना दिसे. पाळी ठरलेली असे, आणि पाळी चुकवणाऱ्याला पुढच्या पेरणीला कोणी बोलावीत नसे. पाऊस पडून गेल्यावर वाफसा आलेला असावा आणि आपल्या रानात एकही जोडीचे औत उतरू नये, यापरते शासन शेतकऱ्याला कोणते? शिवाय रास पडे ती उघड्यावर. माप कोणते, वाटा किती, हे लपत नसे. नजर, पाळी आणि उघडा हिशेब या तीन गोष्टी सावडीला पुरत. मात्र त्यांना एक अट होती. माणसे एकमेकांना ओळखणारी असावी लागत आणि उद्याही एकमेकांची गरज असणारी असावी लागत.

वाटा कुणाचा, राबणूक कुणाची?

एवढे वाचून कोणी जुन्या गावगाड्याला रामराज्य म्हणेल, तर त्याला येथेच थांबवले पाहिजे. तो समाज पैशावाचूनचा होता, पण समतेचा नव्हता. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी होत्या. ओळीप्रमाणे वाटा ठरे. मानाने मात्र साऱ्यांच्या खाली, गावकुसाबाहेर, महार आणि मांग उभे होते.

या व्यवस्थेतल्या ऐतखाऊपणावर मराठीत दोन दिशांनी आघात झाले. पहिला त्रिंबक नारायण आत्रे यांचा. त्यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. मुंबई इलाख्यातली गावे जवळून पाहिलेल्या आत्र्यांची तक्रार अशी, की वतन वंशपरंपरेचे झाले आणि काम व वाटा यांची फारकत झाली. काम करा वा करू नका, हक्क मात्र अबाधित. वतनाच्या वाटण्या होत हक्कदार वाढत गेले आणि त्यांच्याखेरीज गावोगाव हिंडून मागणाऱ्या फिरस्त्यांचा भारही कुणब्याच्या राशीवर पडला. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर या तक्रारीत तथ्य होते.

दुसरा आघात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा, आणि तो नेमका उलट बाजूने आला. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदाराला सरकारी कामासाठी केव्हाही, कितीही वेळ राबवून घ्यावे आणि त्याबदली तुटपुंजी जमीन व गावाने खुशीने टाकले तर बलुते, ही त्या वतनाची खरी स्थिती होती. बाबासाहेबांच्या मागण्यांपैकी एक अशी, की या बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत करावे आणि ती शेतसाऱ्याबरोबर वसूल व्हावी. ते विधेयक मंजूर झाले नाही. परंतु त्या मागणीचा अर्थ आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. पैशावाचूनच्या समाजात सर्वांत खाली असलेला माणूस पैसा मागत होता, कारण पैशाला माप असते आणि कृपेला नसते. रोख मजुरी घेणारा मान वर करून चालू शकतो. खळ्याच्या कडेला उभे राहून पदर पसरणाऱ्याला ते साधत नाही. दया पवारांनी १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, ते उगाच नव्हे.

म्हणजे एकाच खळ्यावर दोन हिशेब होते. वरून पाहणाऱ्याला खालचा माणूस आयते नेणारा दिसे. खालून पाहणाऱ्याला दिसे की आपल्या श्रमावर वरचे बसून खात आहेत. हैदराबाद संस्थानात तर यावर जहागीरदार आणि देशमुखांचा आणखी एक थर होता. तेथे वेठबिगार चाले. १९४९ साली त्या संस्थानातील जहागिरी रद्द झाल्या, तोवर जहागीरदाराला कोणी ऐतखाऊ म्हणत नव्हते. त्याला 'सरकार' म्हणत. ऐतखाऊ हा शब्द बहुधा वरून खाली फेकला जातो, हा इतिहासाचा पहिला धडा आम्हांला येथे मिळतो.

यरुशलेम आणि थेस्सलनीका

पैसा आणि भेद हे दोन्ही ओलांडू पाहणारा समाज आपल्या धर्मपरंपरेच्या आरंभीच उभा आहे. यरुशलेमची पहिली ख्रिस्तसभा आपले सर्व काही समाईक समजत असे. जमिनी व घरे विकून आलेले मोल प्रेषितांच्या चरणी ठेवले जाई आणि ज्याची जशी गरज तसे त्याला वाटून दिले जाई, असे 'प्रेषितांची कृत्ये' सांगतात.

या मंडळीलाही आमच्या प्रश्नाने सोडले नाही. हनन्या आणि सप्पीरा यांची कथा आपण भयाने वाचतो, पण त्यांचा अपराध कोणता ते क्वचितच पाहतो. संत पेत्र त्यांना स्पष्ट सांगतो, की जमीन तुमची होती आणि तिचे मोलही तुमच्याच हाती होते. म्हणजे देण्याची सक्ती नव्हती. अपराध होता तो काही मागे ठेवून 'सर्व दिले' असे भासवण्याचा. समाईक भांडाराला कमी देणारा चालतो. खोटा हिशेब देणारा चालत नाही. त्यापुढच्याच अध्यायात दुसरे दुखणे दिसते. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणीत उपेक्षा होते अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना लोभी म्हटले नाही. त्यांनी सर्वांच्या संमतीने सात विश्वासू माणसे निवडली आणि वाटणीचे काम त्यांच्याकडे सोपवले.

थेस्सलनीका येथे प्रश्न उघडपणे पुढे आला. प्रभूचा दिवस आलाच, आता कशाला राबायचे, अशा भ्रमात तेथील काही जण काम सोडून दुसऱ्यांच्या दारी जेवू लागले होते, असे अनेक भाष्यकार मानतात. संत पौलाचा प्रसिद्ध आदेश त्या मंडळीला आहे. त्यातला एक शब्द आपण हमखास गाळतो. काम 'न करणाऱ्याने' खाऊ नये असे पौल म्हणत नाही. काम करण्याची 'इच्छा नसणाऱ्याने' खाऊ नये असे म्हणतो. आजारी, वृद्ध, पोरका आणि काम शोधूनही न मिळालेला, हे सारे त्या एका शब्दामुळे आदेशाबाहेर राहतात. शिवाय असे सांगण्याचा अधिकार पौलाने आपल्या हातांनी कमावला होता. तो तंबू शिवून पोट भरीत असे आणि कोणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस राबल्याचे त्याने त्याच पत्रात स्मरण दिले आहे.

नवख्या पाहुण्याचे काय करावे, याचे उत्तर 'दिदाखे' अर्थात बारा प्रेषितांची शिकवण या प्राचीन पुस्तिकेत सापडते. तिचे हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे मिळाले. वाटसरूला मदत करावी, पण त्याने दोन किंवा तीन दिवसांहून अधिक राहू नये, असे ती सांगते. त्याला कायमचे राहायचे असेल आणि हाती कसब असेल तर त्याने काम करून खावे. कसब नसेल तर मंडळीने विचारपूर्वक त्याची सोय लावावी, म्हणजे कोणी ख्रिस्ती माणूस रिकामा बसून खाणार नाही. इतके करूनही तो नाकारील, तर तो ख्रिस्ताच्या नावावर व्यापार करणारा समजावा. येथे क्रम पाहण्याजोगा आहे. आधी भाकर, मग काम आणि शेवटी पारख. काम देण्याची जबाबदारी मंडळीची आहे आणि ती पार पाडल्यावरच दोष देण्याचा अधिकार तिला येतो.

इतिहास प्रामाणिकपणे सांगायचा तर हेही नोंदले पाहिजे, की यरुशलेमची मंडळी पुढे गरीबच राहिली आणि तिच्यासाठी पौलाला मासेदोनिया व अखया येथून वर्गणी गोळा करावी लागली. केवळ वाटून घेण्याने भांडार भरत नाही. पिकवणारे हातही लागतात.

मठ आणि पाराग्वे

ते हात संत बेनेडिक्टने मठाला दिले. सहाव्या शतकातील त्याच्या नियमावलीत खाजगी मालमत्तेला जागा नाही. रिकामपण हा आत्म्याचा शत्रू मानलेला आहे आणि दिवस प्रार्थना, वाचन व हातांचे श्रम यांत वाटलेला आहे. स्वयंपाकघरातली सेवा आठवड्याच्या पाळीने प्रत्येकाने करायची. आजार किंवा अतिमहत्त्वाचे काम यांखेरीज तीतून सुटका नाही. कुलीन घरातला आणि शेतमजुराचा मुलगा एकाच चुलीपुढे उभे राहिले. वृद्ध आणि बालके यांच्यासाठी मात्र वेगळे प्रकरण लिहून सवलत आधीच दिली आहे. दुबळ्याला दररोज आपले दुबळेपण सिद्ध करावे लागू नये, ही केवढी दूरदृष्टी!

मठात माणसे स्वेच्छेने येतात. संपूर्ण लोकसमूह, बायकामुलांसह, असा चालेल काय? याचा प्रयोग येशूसंघीयांनी दक्षिण अमेरिकेत पाराग्वे प्रदेशातील ग्वारानी आदिवासींमध्ये केला. १६०९ पासून १७६७ च्या हकालपट्टीपर्यंत तो चालला आणि भरभराटीच्या काळात ३० वसाहतींत एक लाखाहून अधिक लोक राहत होते. वसाहतीच्या आतल्या व्यवहारात नाणे नव्हते. प्रत्येक कुटुंबाला स्वतःचे शेत असे; त्याशिवाय 'देवाची जमीन' म्हणून एक समाईक शेत असे आणि तेथे आठवड्यातले काही दिवस सर्वांनी राबायचे. वाजतगाजत, मूर्ती घेऊन लोक शेतावर जात. त्या पिकातून विधवा, अनाथ व आजारी यांचे पोषण होई आणि राजाचा करही भागे.

परंतु कामचुकाराला तेथे फटक्यांची शिक्षा होती आणि अखेरचा शब्द ग्वारानींचा नसून धर्मगुरूंचा होता. म्हणून येशूसंघीय गेले तेव्हा शिस्तही हळूहळू गेली आणि वसाहती ओस पडत गेल्या. बाहेरून आणलेली शिस्त, आणणाऱ्याबरोबर निघून जाते.

पवनारचा रहाट

आता पुन्हा आपल्या मुलखाकडे येऊ. वर्ध्याजवळ, धाम नदीच्या काठी पवनार येथे विनोबा भाव्यांनी १९५० च्या सुमारास 'कांचनमुक्ती'चा प्रयोग आरंभला. पैशावाचून जगायचे, धान्य-भाजी आपल्या हातांनी पिकवायची, वस्त्र स्वतः कातलेल्या सुताचे. शेतीत बैलही नकोत म्हणून विहिरीचा रहाट आश्रमवासीच ओढीत. गांधीजींच्या एकादश व्रतांत शरीरश्रम हे एक व्रत आहे. त्याला विनोबांनी मातीत उतरवले.

या प्रयोगात ऐतखाऊला आळा घालणारा कोणताही नियम शोधू जाल तर सापडणार नाही. आळा होता तो रहाटाच्या दांड्याला लागलेल्या हातांचा. संस्कृत जाणणारा पंडित स्वतः दांडा ढकलत असता तरणाताठा माणूस बाजूला कसा बसेल? मार्च १९५१ मध्ये विनोबा पवनारहून पायी हैदराबादकडे निघाले, आणि १८ एप्रिल रोजी तेलंगणातल्या पोचमपल्ली येथे भूदानाचा उगम झाला. बिनपैशाच्या शेतीतून उठलेल्या माणसाने जमीनदाराला जमीन मागितली. पौलाप्रमाणेच त्याला मागण्याचा अधिकार होता.

काला आणि लंगर

हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नरसी हे गाव वारकरी परंपरा संत नामदेवांचे जन्मस्थान मानते. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी, नरहरी सोनार. या संतांच्या मेळ्यात भक्तीसाठी धंदा सोडणे आवश्यक मानले गेले नाही. सप्ताहाच्या अखेरीस जो काला होतो त्यात लाह्या, दही, जे ज्याचे असेल ते एकत्र कालवले जाते आणि मग कोणाचे काय होते हे विचारले जात नाही.

याच नामदेवांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि हिंगोलीचा शेजारी असलेल्या नांदेडला सचखंड श्री हुजूर साहिब येथे लंगर चालतो. तेथे येणाऱ्याला जात विचारीत नाहीत, दामही नाही, आणि आज काय काम केलेस असेही कोणी विचारीत नाही. तरी लंगर बुडत नाही, कारण भांडी घासायला आणि पोळ्या लाटायला भाविक आपणहून पुढे येतात. थेस्सलनीकेचा नियम आणि नांदेडचा लंगर परस्परविरुद्ध वाटतात. वास्तविक ते एकाच घराचे दोन दरवाजे आहेत. घरात राहणाऱ्याने काम उचलावे, दारी आलेल्याने जेवून जावे.

द्राक्षमळ्याच्या दाखल्यात दिवस मावळता मावळता चौकात उभ्या असलेल्या माणसांना मालक विचारतो, की रिकामे का उभे आहात? त्यांचे उत्तर साधे आहे: आम्हांला कोणी कामाला लावलेच नाही. १९७२ च्या दुष्काळाने हेच उत्तर महाराष्ट्राला ऐकवले. मे १९७३ च्या सुमारास राज्यात जवळपास ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर माती वाहत आणि खडी फोडत होती. त्यांना काम हवे होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, तो या अनुभवाच्या बळावर.

जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालील कुटुंबांना शिधापत्रिकेवरचे धान्य विनामूल्य मिळते, आणि 'फुकट खाऊन माणसे आळशी झाली' हे वाक्य आपल्या घरांतूनही ऐकू येते. ते उच्चारण्यापूर्वी इतिहासाने घालून दिलेले प्रश्न आपण स्वतःला विचारावे. काम दिले होते काय? हिशेब उघडा होता काय? दुबळ्यांना आधीच वगळले होते काय? आणि बोलणाऱ्याचा स्वतःचा हात दांड्याला लागला आहे काय?

धर्मग्रामात सणाच्या आदल्या दिवशी देऊळ झाडायला, मांडव घालायला आणि पंगतीनंतर पातेली घासायला तीच ती चार माणसे येतात, ही तक्रार जुनी आहे. इतिहास तिच्यावर उपाय सांगतो तो अवघड नाही. पाळी लावावी, ती देवळाच्या दारावर सर्वांना दिसेल अशी लावावी, आणि तिच्यात पहिले नाव मंडळीतल्या सर्वांत मानाच्या माणसाचे असावे.